तीन दगड आणि मी

मित्रांनो, मी गणितातला एक जुना निश्चयक, म्हणजे डिटर्मिनंट आहे. नाव ऐकून लगेच वही मिटू नका. दोन उभ्या रेघांच्या आत आकडे मांडले की मी तयार होतो आणि गुणाकार, वजाबाकी करून माझे एकच उत्तर निघते.

माझा जन्म तीनशे वर्षांहून जुना. एकाच सुमारास जपानात आणि जर्मनीत दोन विद्वानांनी मला घडवले. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता! नाव मला फार उशिरा मिळाले, आणि या दोन रेघा त्याहून उशिरा. मग माझे दिवस आले. माझ्यावर जाडजूड ग्रंथ लिहिले गेले. पुढे माझ्यामागून आलेल्या मॅट्रिक्सने पुस्तकात माझ्या आधीची जागा पटकावली. मोठी गणिते संगणक दुसऱ्या वाटेने सोडवू लागला. मी उरलो परीक्षेतल्या पाच गुणांपुरता. वाईट वाटते, खोटे कशाला सांगू?

अशाच एका वहीतून मी चिंताकी गावात पोहोचलो. वही मल्लेश्वरीची. ती रोज जीपने कमलनगरच्या कॉलेजात जाते. तिचे वडील काशप्पा आणि शेजारच्या शेताचे श्रीपतराव दर येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येला, शेतात एकत्र जेवत. तीन वर्षांपूर्वी काशप्पांना पूजेत पाच पांडव म्हणून मांडायच्या पाच दगडांतला एक कमी पडला. काळ्या रानात दगड सापडतो कुठे? दोन शेतांमधल्या बांधावर हद्दीचे तीन दगड एका रेषेत रोवलेले होते; त्यांनी त्यांतला मधला उचलला, चुना लावून पुजला आणि संध्याकाळी अंदाजाने परत रोवला.

पेरणीला श्रीपतराव म्हणाले, "काशप्पा, दगड माझ्या रानात आलाय. बांध सरकवलास तू."

"देवाला नेलतो. जिथला तिथंच ठेवलो. मी चोर न्हाई," काशप्पा म्हणाले.

तेव्हापासून दोन्ही घरांचे बोलणे बंद. यंदाची येळवस चार दिवसांवर आली तेव्हा मल्लेश्वरीला ते सोसवेना. मध्ये उंचवटा आणि उभी तूर असल्याने दोरी ताणता येत नव्हती. तिने टेप घेऊन प्रत्येक दगड रस्त्याच्या कडेने किती फूट आणि आत किती फूट, ते मोजले. ते आकडे तिने माझ्यात मांडले. तीन दगड एका रेषेत असतील तर माझे उत्तर शून्य येते.

उत्तर आले बाराशे.

"निम्मे केले की तीन दगडांमधला त्रिकोण सहाशे चौरस फूट, अप्पा. अर्ध्या गुंठ्याच्या वर. मधला दगड चार फूट त्यांच्याकडं गेलाय."

"परत कर. कुठं तरी चुकायलीस तू."

तिने तेच आकडे दुसऱ्या टोकाच्या दगडापासून मांडले. उत्तर आले उणे बाराशे.

"आता हे उणे कामून?"

"उलट्या बाजूनं आले म्हणून. आकडा तोच हाय."

काशप्पांनी वही आपल्या हातात घेतली. मित्रांनो, मला त्यांची कीव आली. ज्या माणसाने तीन वर्षे मान ताठ ठेवली, त्याला पोटच्या लेकीच्या वहीपुढे ती खाली घालावी लागत होती. त्यांनी मनात आणले असते, तर ते पान फाडणे अवघड नव्हते.

ते उठले, पहार घेतली आणि थेट श्रीपतरावांच्या दारात गेले.

"टेपचं एक टोक धरायला चल," ते म्हणाले. "चूक माझीच हाय. पैल्या वर्षीच मनात आलतं माझ्या. तोंडानं म्हणवंना."

श्रीपतरावांनी पायात चपला घातल्या.

चार फूट मोजून दगड हलवला. मल्लेश्वरीने मला पुन्हा मांडले, आणि शून्य आले. इतकी वर्षे जगलो, पण शून्य पाहून दोन म्हातारे डोळे पुसताना मी प्रथमच पाहिले.

मित्रांनो, मला परीक्षेनंतर रद्दीत घाला, माझी तक्रार नाही. पण एवढे सांभाळा. उत्तर आवडले नाही तर मला दहादा तपासा, आकडे मात्र बदलू नका. मी चूक दाखवू शकतो. ती कबूल करायला माणूसच लागतो.