सोरियाचा हुंकार

"हुंकार दे गं लंके! गप का झालीस? तू गप झालीस की माझी गोष्ट बांधावरच बसून राहती बघ."

भाताच्या आवणीचे दिवस. घोटीजवळच्या खाचरात बयाबाई वाकून रोपं लावायची आणि लावता लावता लेकीला राजाराणीची गोष्ट सांगायची. मागं चिखलात लुटुलुटु चालणारी लंका. दर वाक्याला तिनं 'हूं' म्हणायचं. हूं आलं की आईचा हात झपझप चाले, राजा घोड्यावर बसे, घोडा नदी ओलांडे. हूं चुकलं की हात थांबे, घोडाही नदीच्या मधोमध उभा राही.

ती लंका आता लंकाबाई झाली होती. नाशिक रोडच्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहत होती. मालक प्रेसमधनं रिटायर झाले आणि दोन वर्षांत गेले. एकुलता एक अमोल नोकरीसाठी कंबोडियात, आणि त्यानं बायकोही तिकडचीच केलेली, सोरिया. लग्नानंतर दोघं पहिल्यांदाच घरी आली होती.

आणि नेमकी आत्ताच लंकाबाईच्या पोटात एक गोष्ट अडकून बसली होती. चांगली गोष्ट! गळ्याशी गाठ आली होती. "त्र्यंबकला दर्शन घेऊन येते," अशी थाप मारून ती एकटीच डॉक्टरांकडं गेली आणि सुई टोचून तपासायला देऊन आली. काल दुपारी फोन आला, "आजी, गाठ साधी आहे. काही काळजी करू नका." फोन ठेवला तसं घर तिला पुन्हा दिसायला लागलं. खिडकीतली तुळस, पातेल्यावरचं पोचलेलं झाकण, दोरीवर वाळणारे सुनेचे फुलाफुलांचे कपडे. सगळं जणू कुणीतरी नेलं होतं आणि परत आणून ठेवलं होतं.

पण सांगायचं कुणाला? अमोलला सांगावं तर तो आधी भांडणार, 'मला का नाही सांगितलंस?' आणि सुनेला सांगावं, तर तिचं आपलं एकच.

"हा तांदूळ माझ्या माहेरचा, घोटीचा."

"खरंच?"

"अमोल लहानपणी भिंतीची माती खायचा."

"खरंच?"

डोळे एवढाले करून, मान पुढं काढून. दर वेळी. सासूचा एक शब्द काही तिला पटत नव्हता!

"आई, तिच्या भाषेत उठता बसता 'मेन ते?' म्हणतात," अमोल हसून म्हणाला होता. "म्हणजे, खरंच का? मीच तिला आपला शब्द शिकवला."

"बरा शिकवलास! दुसरं काय नाय घावलं शिकवायला?"

खालच्या मजल्यावरची अंबूबाई तर दारातच म्हणाली, "लंके, सून आणली का वकील गं? नुसती उलटतपासणी घेती."

लंकाबाई हसली खरी, पण ते मनाला लागलं. मरणाच्या दारातनं परत आणलेली गोष्ट. तिच्यावरही ही 'खरंच?' म्हणाली तर? नकोच ते. राहू दे पोटात.

संध्याकाळी अमोल मित्रांकडं गेला. लंकाबाई ओट्यापाशी बसून तांदूळ निवडत होती. शेजारीच सोरिया मोबाइल डब्याला टेकवून तिच्या आईशी बोलत होती. पलीकडं पिकल्या केसांची एक बाई हातवारे करत काहीतरी सांगत होती.

"मेन ते?" सोरियानं डोळे मोठे केले.

"मेन!" म्हणत ती बाई सरसावून बसली.

"मेन ते, माक?" सोरियानं आईला पुन्हा विचारलं.

"मेन, मेन!" आता तर बाई उभीच राहिली. कुणाची तरी नक्कल करत फेंगडी चालून दाखवू लागली.

लंकाबाईचा हात सुपातच थांबला. लेकीनं एकदा 'मेन ते' म्हणावं आणि आईच्या अंगात वारं भरावं. पोरगी आईवर संशय घेत नव्हती. ती घोड्याला नदी पार करवत होती.

"काय म्हणती गं तुझी आई?"

"आई, तिची कोंबडी," सोरिया शब्द वेचत म्हणाली, "शेजारी आहे ना... त्याच्या बुटात अंडं देते. रोज. तो पाय घालतो..."

लंकाबाईनं मान पुढं काढली, डोळे एवढाले केले आणि थेट मोबाइलला विचारलं, "मेन ते?"

पलीकडची बाई अशी हसली की मोबाइल डब्यावरनं घसरला. "मेन! मेन!" म्हणत तिनं कोंबडीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली, आणि या वेळी ती फक्त लंकाबाईला सांगत होती. लंकाबाईला अक्षर कळत नव्हतं, तरी ती जागच्या जागी हुंकार देत राहिली.

फोन बंद झाला. सुपातले तांदूळ तसेच होते.

"सोरिया, मी त्या दिवशी त्र्यंबकला गेलेच नव्हते."

"खरंच?"

"हां. डॉक्टरकडं गेले होते. इथं गाठ हाय." तिनं सुनेचा हात धरून आपल्या गळ्याशी नेला.

सोरियाचा आवाज अगदी बारीक झाला. "खरंच?"

"भिऊ नको. काल फोन आला. साधी गाठ हाय, काय नाय होत मला."

सोरियाचे डोळे भरून आले. शिकलेला मराठी शब्द कुठल्या कुठं गेला. सासूच्या गळ्यावरचा हात न काढता तिनं विचारलं, "मेन ते, आई?"

"मेन," लंकाबाई म्हणाली. आणि मग, अमोलला नाही, अंबूबाईला नाही, देवालाही जे बोलली नव्हती, ते तिच्या तोंडून निघालं. "लय भ्याले होते गं मी."