दांडा, कडी आणि विसावं घर

कोण? आधी नाव सांगा, मग पुढं या. राग मानू नका, सवयच आहे माझी. मी दरवाजा बोलतोय. चेश्मे-बीद गावात गुलअंदाम नावाची एक विधवा राहते, तिच्या अंगणाचा. अक्रोडाच्या लाकडाचा आहे, दोन फळ्यांचा, आणि आल्यागेल्याचा संशय घेणं हेच माझं काम. लोकांचा एकमेकांवर विश्वास असता तर भिंतीला नुसतं भोक ठेवून भागलं असतं.

मला उस्ता रजबअली सुतारानं घडवलं, गुलअंदामच्या सासऱ्यासाठी. उजव्या फळीवर त्यानं लोखंडी दांडा बसवला, डावीवर पातळशी कडी. पुरुषानं दांडा आपटायचा, बाईनं कडी वाजवायची. दांड्याचा आवाज ठक्क, कडीचा किणकिण. आतल्यांना न विचारता कळतं की उघडायला कुणी जायचं. घरात बाई एकटी असली तर दांड्याला ती ओ देत नाही, आणि आलेला माणूस समजून परत जातो. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मला सगळ्यात जास्त संशय कागद घेऊन येणाऱ्यांचा. पहिली खानेसुमारी आली तेव्हा गुलअंदाम नवी नवरी होती. सासरा उंबऱ्यात उभा राहून म्हणाला, "घरात मी, म्हातारी आणि सून." त्याचे दोन तरणेताठे मुलगे तेव्हा गवताच्या माळ्यावर खोकला दाबून पडले होते. मोजतात म्हणजे पलटणीत धरून नेणार, अशी साऱ्या गावाची खात्री होती.

"सून आहे आणि मुलगा नाही?" मोजणीवाल्यानं विचारलं.

"सून आधी आणून ठेवलीय," म्हातारा म्हणाला. "मुलगा बघतोय."

मोजणीवाला हसला आणि तीन माणसं लिहून गेला. जाताना माझ्या कपाळावर रंगानं आकडा काढला, सात. पुढच्या खेपेला एकतीस झाला, त्याच्या पुढच्या खेपेला चौदा. आमचा पायीनरूद हा दहाबारा गावांचा गट कधी वरच्या शहराला जोडला, कधी खालच्या. मध्ये दोन वर्षं तर दोन्ही कचेऱ्या म्हणायच्या, तुम्ही आमचे नव्हे. गाव जागच्या जागी होतं, पत्ता तेवढा हिंडत होता. एकेकाळी इथं नव्वद घरं होती. मग झऱ्याचं पाणी आटलं, माणसं शहरात गेली, माझ्या भाऊबंदांना कुलपं लागली. गुलअंदामचा नवरा हैदर वारला आणि ती एकटी राहिली.

यंदाची मोजणी उलटी होती. गावचा कारभारी यदुल्ला घरोघर सांगत फिरला, "या वेळी कुणी लपू नका. वीस घरं भरली तरच दवाखाना राहील. एक जरी कमी झालं तर तो उचलून देहनोला नेतील, आणि आपलं गावही त्यांच्यातच धरतील. मी मोजलीत, बरोबर वीस आहेत."

दवाखाना म्हणजे एक खोली, एक परिचारिका आणि एक फ्रीज. पण त्या फ्रीजमध्ये गुलअंदामचं साखरेच्या आजाराचं इंजेक्शन असायचं. रोज सकाळी ती चाळीस पावलं चालून टोचून यायची. देहनो टेकडीच्या पलीकडे आहे.

"खाला, घर सोडून हलू नकोस," यदुल्ला तिला म्हणाला; मावशीला आमच्याकडे खाला म्हणतात. "मोजायला बाई येणार आहे, घाबरायचं कारण नाही."

"हलतेय कुठं? माझ्या गुडघ्यांना विचार."

तीन दिवस तिनं चहाचा समोवर विझू दिला नाही. तिसऱ्या दिवशी ती बाई आली. शहरातली, तरुण, गळ्यात ओळखपत्र, हातात चकाकती पाटी. कागद नव्हता, म्हणून मला संशय जास्तच आला. एकोणीस घरांत बोलून बोलून तिचा घसा पार बसला होता. शहरात दाराला बटण असतं. तिनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि हाताला आला तो दांडा तीनदा आपटला.

मी ठक्क वाजलो. त्या फळीला दुसरं येतच नाही.

आत गुलअंदाम चहा ओतत होती. आवाज ऐकला आणि डोक्यावरची चादर पुढं ओढून गप्प बसली. खरं सांगू? मला तेव्हा बरंच वाटलं. अनोळखी पाऊल परत जातंय, जाऊ दे. दुपारी ती पुन्हा आली, पुन्हा दांडाच वाजवला, आणि माझ्यावर दोन शब्द लिहून गेली.

संध्याकाळी गुलअंदामनं ती अक्षरं पाहिली. तिला वाचता येत नाही. "यदुल्लानंच माझं नाव सांगून मला मोजून घेतलेलं दिसतंय," असं पुटपुटत तिनं समाधानानं त्यावरून हात फिरवला.

आठ दिवसांनी यदुल्ला तणतणत आला. "खाला, तू होतीस कुठं?"

"घरातच की. चहा उकळून उकळून काढा झाला."

"मग उघडलं का नाहीस?"

"बाई आलीच नाही. कुणी बाप्या आला होता, दोनदा. त्याला उघडून या वयात नाव घालवू?"

यदुल्लानं दांड्याकडे पाहिलं. मग माझ्यावरची अक्षरं वाचली. "तो बाप्या नव्हता, खाला. तीच होती. इथं लिहून गेलीय, घर रिकामं."

गुलअंदामनं त्या अक्षरांवर पुन्हा एकदा हात ठेवला. मग म्हणाली, "हाक तरी मारायची होती पोरीनं."

यदुल्ला दोनदा कचेरीत जाऊन आला. यादी बंद झाली होती. एकोणीस घरं. पुढच्या महिन्यात एका गाडीवर दोरीनं बांधलेला फ्रीज माझ्यासमोरून गेला.

"पुसून टाकू का हे?" यदुल्लानं विचारलं.

"राहू दे," ती म्हणाली. "आता मी बाहेरच बसते. कडी नको आणि दांडा नको."

आता ती पहाटे काठी टेकत देहनोला निघते, दुपारी परतते, आणि अंधार पडेपर्यंत माझ्याबाहेरच्या दगडावर बसून राहते. पुढची मोजणी दहा वर्षांनी आहे, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

जन्मभर मी येणाऱ्यांवर संशय घेतला, आणि घात झाला तो माझ्याच आवाजानं. म्हणून तुम्हाला विनवतो, कुठल्याही दाराशी गेलात तर वाजवा, पण हाकही मारा. त्या पोरीनं लिहिलं ते तेव्हा खोटं होतं. आता दिवसभर आत कुणीच नसतं.