धनपतीचं घर ओढा ओलांडतं

भाडेपट्ट्याची मुदत संपली आणि बेटावरच्या लबासा गावाजवळची, धनपतीच्या घरानं कसलेली उसाची जमीन मूळ मालकांच्या गावाला परत द्यायची वेळ आली. ओढ्यापलीकडे नवी जागा मिळाली होती. प्रश्न उरला घराचा.

"भौजी, पत्रे काढू, फळ्या विकून टाकू," धनपतीचा दीर महादेव म्हणाला.

"आणि सुभागीचं वऱ्हाड कुठं उतरवू? उसात? तुझ्या भावानं डोंगरातून एकेक खांब खांद्यावर आणलाय. पोरीचं लग्न याच घरातून होणार. घर मोडायचं नाही, न्यायचं."

"घर काय बकरी आहे, दोरी धरून न्यायला?"

"बकरी ऐकत नाही. घर ऐकेल."

मग ती दारोदार बैल मागत फिरली. लोक आधी हसले आणि मग बैल घेऊन आले. खांब जमिनीलगत कापले, घराखाली माडाचे ओंडके सरकवले, आणि तोडणी झालेल्या उसाच्या रानातून घर करकरत निघालं. पुढं धनपती. नवरा असता तर असाच पुढं चालला असता, असं तिला वाटत होतं.

ओढ्यात मात्र एक ओंडका चिखलात रुतला. घर एका अंगाला कललं, आतली भांडी खळाखळा पडली. बैल हटेनात.

"आता तरी ऐक, भौजी," महादेव रडकुंडीला आला.

धनपती पदर खोचून पाण्यात उतरली आणि कललेल्या कोपऱ्याला तिनं पाठ लावली. "मोडायचंच असतं तर सुक्यात मोडलं असतं!"

पलीकडच्या काठावर मालकांच्या गावचा आपिसाई नावाचा माणूस उभा होता. तिच्या नवऱ्याबरोबर त्यानं कित्येक संध्याकाळी मुळ्या कुटून केलेला यंगोना प्यायलेला. त्यानं हाक मारून गावची माणसं गोळा केली.

"काकी, जमीन आमची, पण घर तुमचं. आम्ही हात लावला तर चालेल ना?"

"हात नको रे, खांदा लाव!"

सगळे हसले आणि त्याच हसण्यात जोर लागला. बैलांनी माना खाली घातल्या, चिखलानं ओंडका सोडला, घर काठावर चढलं. धनपती तिथंच ओल्या लुगड्यात मटकन बसली आणि लहान पोरीसारखी रडली.

सुभागीचं वऱ्हाड त्याच ओसरीसमोर उतरलं. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी खांबावर हात फिरवत विचारलं, "नवीन बांधलंत?"

धनपतीनं तोंड उघडायच्या आतच महादेव छाती काढून पुढं झाला. "नवीन कसलं! आमच्या भौजीनं आणलंय. बसा, सांगतो."