आईने दिलेला काढा

त्या हिवाळ्यात अंबरनाथ पश्चिमेच्या आमच्या घरात ऊन शिरायच्या आधी खलबत्त्याचा आवाज शिरायचा. आई गुळवेलीच्या कांड्या ठेचत असायची, संथ, एकसारख्या लयीत. आणि मग उकळत्या काढ्याचा उग्र वास बाहेरच्या खोलीत निजलेल्या मीनूपर्यंत पोहोचला की ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

मीनू माझी धाकटी बहीण, तेव्हा आठ वर्षांची. दोन हजार साल उलटून थोडीच वर्षे झाली होती. तिच्या आतड्याला सूज होती. पोटात कळा यायच्या, शौचातून रक्त जायचे, आणि पोर दिवसेंदिवस वाळत चालली होती. डॉक्टरांच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कळा थांबल्या; पण तिचा चेहरा फुगला, आणि ‘यांनी प्रतिकारशक्ती थोडी दबेल’ हे त्यांचे वाक्य आईच्या मनात रुतून बसले.

आई मुळात शांत बाई. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणताना तिचा स्वर इतका मृदू व्हायचा, की शेजारचे आपल्या टीव्हीचा आवाज कमी करायचे. पण मीनू आजारी पडल्यापासून तिने जंतू नावाच्या अदृश्य शत्रूशी वैर मांडले होते. पाणी दोनदा उकळे, फरशी तीनदा पुसली जाई, दही तर घरातून हद्दपारच. अशा बाईला, आधीच काडी झालेल्या लेकीची शक्ती आणखी दाबायची हे कसे पटावे? उल्हासनगरला कॅम्प दोनमधल्या जडीबुटीच्या दुकानातला सिंधी म्हातारा तिला म्हणाला, “दीदी, बच्ची को ताकत चाहिये. गिलोय पिलाओ.” त्या दिवसापासून गुळवेलीचा काढा सुरू झाला, आणि कोणालाही न सांगता तिने गोळ्या बंद केल्या.

महिना भरायच्या आत मीनूला पुन्हा रक्त पडू लागले. इस्पितळात आईने आपण होऊन सारे कबूल केले. डॉक्टर रागावले नाहीत, याचे तिला जास्त लागले असावे.

“ताई, आतड्यात असंख्य जिवाणू राहतात,” ते म्हणाले. “चाळीतले भाडेकरूच समजा, बरेचसे उपयोगाचे. हिच्या अंगातले पहारेकरी त्यांनाच चोर समजून झोडपतायत, आणि त्या मारामारीत भिंत फुटतेय. पोरीत ताकद कमी नाही हो. ती आवरायचीय.”

 आई माझ्याकडे बघून म्हणाली, “म्हणजे मी मारणाऱ्यालाच खुराक दिला गं.”

दुखणे येते हत्तीच्या पावलाने आणि जाते मुंगीच्या, तसेच झाले. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, मीनू सावरली, शाळेत जाऊ लागली. आई मात्र सावरली नाही. ती हसायची, सणाला पुरण घालायची. पण मीनूने नुसता पोटावर हात ठेवला तरी आईच्या चेहऱ्यावरचा उजेड झर्रकन मावळायचा. त्या महिन्याबद्दल ती लेकीशी कधी बोलली नाही. मला फार वाटायचे, तिने एकदा बोलावे.

आई जाऊन आता काही वर्षे झाली. परवा मीच मीनूजवळ तो विषय काढला. ती गोंधळली. म्हणाली, “काढा? मला नाही गं आठवत. आई पाठीवरून हात फिरवत बसायची, तेवढंच आठवतं.”

जिने क्षमा करायची तिच्यापाशी अपराधच उरलेला नाही, आणि हे जिला सांगायला हवे होते ती ऐकायला नाही. मधला तो सारा काळ आता एकटीने आठवत राहणे, एवढेच माझ्याकडे आले आहे.