झाकलेल्या नावाची तबकडी

मित्रांनो, मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे; काळी, बशीएवढी, मधोमध भोक असलेली. आणि स्वभावानं संशयी. कोणी मला हातात घेतलं की माझ्या मनात पाल चुकचुकतेच. ह्याला माझ्याकडून काय हवंय? मी अशी का झाले, ते ऐका.

माझा जन्म बर्मिंगहॅममधल्या एका बारक्याशा स्टुडिओतला. माझ्यात गाते ती अर्लीन बकनर. जमैकाहून आलेली, हॉस्पिटलात नर्स. "तुझा काळा हात मला लावू नकोस," असं पेशंट तिला तोंडावर सांगत. ती भाड्यानं खोली बघायला गेली की खोली नेमकी तेवढ्यात गेलेली असे. हे सगळं तिनं गाण्यात ओतलं. त्या गाण्याला सोल म्हणतात. काळ्या लोकांनी चर्चमध्ये देवाला घातलेली साद तिथून बाहेर पडली आणि माणसांना जाब विचारू लागली, ते हे गाणं. अर्लीन त्यात रडत नाही की विनवत नाही. बॅग घेऊन दारात उभी राहते आणि म्हणते, मी इथून हलणार नाही. शेवटी तिचा आवाज चिरकतो. पुन्हा घेऊया, म्हणाले सगळे. ती म्हणाली, "राहू दे. तसंच आहे ते."

माझ्यासारख्या थोड्याच निघाल्या, त्याही खपल्या नाहीत. पुढं मी मँचेस्टरच्या एका डीजेच्या हाती लागले. तिकडच्या हॉलमध्ये तेव्हा गोरी पोरं असल्या गाण्यांवर रात्ररात्र नाचायची. डीजे लोकांची एक रीत होती. दुर्मिळ गाणं दुसऱ्याला सापडू नये म्हणून ते लेबलावर पांढरा कागद चिकटवून वर खोटं नाव लिहायचे. माझ्यावर 'सँड्रा पाइक' आलं. माझं कौतुक काय विचारता! पोरं घामानं निथळायची, पुन्हा लाव म्हणून हटून बसायची. पण टाळ्या सगळ्या सँड्राला, जी कधी जन्मलीच नव्हती. मला फार राग यायचा. तेव्हापासून कौतुकावर माझा विश्वास नाही.

मग नाच संपले. मी एका माळ्यावर धूळ खात पडले आणि शेवटी दान आलेल्या जुन्या वस्तू विकणाऱ्या चॅरिटी शॉपच्या खोक्यात आले. तिथं हरिदास वाळवेकर नावाच्या निवृत्त इंजिनिअरनी मला उचललं. नखानं कागदाचा कोपरा चाचपला आणि स्वतःशीच म्हणाले, "कोणीतरी झाकलंय." मी कान टवकारले. हा मला विकणार, असंच मला वाटलं.

पण त्यांनी मला घरी नेलं आणि बाबासाहेबांच्या फोटोशेजारी शेल्फवर ठेवलं. तिथंही काहीतरी पाणी मुरत होतं. इथल्या मराठी मंडळातल्या अलकाकाकू चहाला येणार असल्या की फोटो वरच्या खोलीत जायचा. त्या गेल्या की खाली यायचा. अलकाकाकू गोड हसून विचारायच्या, "वाळवेकर म्हणजे मूळचे कोण हो तुम्ही?" हरिदास म्हणायचे, "वाळव्याचे," आणि चिवड्याची बशी पुढं सरकवायचे.

गेल्या एप्रिलात मंडळानं आंबेडकर जयंती ठरवली. हरिदासांची नात धम्मशीला, इथंच जन्मलेली, तिथं बोलणार होती आणि मला वाजवणार होती. ती पोस्टर घेऊन आली. "आजोबा, बघा ना. सँड्रा पाइक. मी सगळ्यांना तिचं नाव सांगणार."

पोस्टरवर खाली लिहिलं होतं, 'वक्ता: धम्मशीला वाळवेकर'. हरिदासांनी त्या आडनावावर बोट ठेवलं.

"ती सँड्रा नाही, बाळ. खरं नाव कागदाखाली आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"चिकटवलेलं नाव मला लगेच कळतं," ते म्हणाले. मग त्यांनी तिला सांगितलं. तरुणपणी लंडनमधल्या पिनरला एका मराठी घरात ते खोली बघायला गेले होते. आडनाव सांगितलं, कांबळे. खोली नेमकी तेवढ्यात गेली. पुढच्या घरी त्यांनी गावाचं नाव लावलं, तेच कायम झालं.

धम्मशीलानं पोस्टरवरचं स्वतःचं नाव पुन्हा वाचलं. "सो, माझ्यावर पण कागद आहे?"

हरिदासांनी उठून ओलं फडकं आणलं. मी घाबरले, कागदाबरोबर नावही निघालं तर? एक कोपरा फाटलाच. पण अक्षरं राहिली. धम्मशीलानं मोठ्यानं वाचलं, "अर्लीन बकनर." मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडले असते.

कार्यक्रमाला हरिदास फोटो काखेत घेऊन गेले. ऐन वेळी कच खातील, अशी मला खात्री होती. पुढच्याच रांगेत अलकाकाकू होत्या. हरिदासांनी माइक घेतला.

"गाणारीचं नाव अर्लीन बकनर. ते झाकलेलं होतं. माझं नाव हरिदास कांबळे. तेही झाकलेलं होतं." मग माझ्यावर सुईही त्यांनीच ठेवली. शेवटी अर्लीनचा आवाज चिरकला, तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

परवा अलकाकाकू येऊन गेल्या. फोटो खालीच होता. त्यांनी चहा अर्धाच घेतला. तो फार गरम होता की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

मित्रांनो, मला कडेनं धरा, धूळ पुसा, ओरखडे काढू नका. आणि गाणं आवडलं तर आधी गाणारीचं नाव मोठ्यानं घ्या. नाचायचं ते मग नाचा.