बारा वर्षं तेवलेली ट्यूब

हेमंतातली सांज. राखेची सांज. औष्णिक वीज केंद्राच्या धुराड्यांतून उतरलेली धूम्रवर्ण, भस्मगंधी सांज पळसांवर बसली, कौलांवर बसली, ओस पडलेल्या जुन्या वसाहतीच्या ओट्या-ओट्यावर बसली. माणसं केव्हाच नव्या वसाहतीत गेली होती. ठेंगऱ्यांचं घर तेवढं हललं नव्हतं. तिथल्या एकाच खिडकीत उजेड होता.

तो उजेड बारा वर्षांचा होता.

देवाजी ठेंगरे वायरमनचा मुलगा सुधीर परीक्षेच्या निकालाच्या दिवशी घरातून निघाला, तो परतलाच नाही. त्या सांजेला त्याच्या आईने, अनसूयेने, पुढल्या खोलीतली ट्यूब लावली आणि पुन्हा कधी विझू दिली नाही. भोवतालच्या गावांत वीज जाई. या वसाहतीत, विजेच्या माहेरी, ती कधी जात नसे. जुन्या घडणीची ती जाडजूड ट्यूब तेवत राहिली. चैत्रात तेवली, श्रावणात तेवली, पौषात तेवली. वरचा तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक अखंड गुणगुणत राहिला, आणि त्या गुणगुणीत दोघं म्हातारी झाली.

बारा वर्षं उलटली की बेपत्ता माणसाचा दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भाऊबंदांनी तोच लकडा लावला होता. अनसूयेचं उत्तर ठरलेलं असे.

"दिवा हाये तोवर पोरगा हाये."

आणि आता चोकच जळू लागला होता. आतलं डांबर वितळून भिंतीवर काळा ओघळ उतरला होता. उद्या घर पेटलं असतं. देवाजीने बाजार पालथा घातला. मिळत होते ते हलके, प्लास्टिकच्या अंगाचे नवे चोक. ते बारीक ट्यूबांचे सोबती. या जाड म्हातारीला पेटवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. अखेर एका रिकाम्या घराच्या भिंतीवर, कोळिष्टकांत, तिच्याच वयाचा तांब्याचा चोक सापडला.

जोड जुळली, पण देवाजी बटणाला हात लावीना. ट्यूब विझवल्याशिवाय चोक बदलता येत नाही. आणि टोकं काळवंडलेली जुनी ट्यूब जळते तोवर जळते. एकदा विझली की बहुधा पुन्हा लागत नाही.

"लागंन ना जी पुन्हा?" अनसूयेने विचारलं.

विजेशी कधी खोटं न वागलेला तो माणूस बायकोशी खोटं बोलला. "लागंन."

त्याने बटण बंद केलं. गुणगुण थांबली. बारा वर्षं दाराबाहेर थोपवलेली शांतता घरात शिरली.

कंदिलाच्या पिवळ्या उजेडात त्याने चोक बसवला, बटण दाबलं. स्टार्टर टिकटिकला. टोकं आरक्त झाली. पुन्हा टिकटिकला, पुन्हा आरक्त झाली. त्याने ट्यूब फिरवून पाहिली, स्टार्टर बदलला, हात जोडले. टोकं तांबडी, देह काळोखी.

"ऱ्हाऊ द्या," अनसूया म्हणाली. "त्याले तरास नोका देऊ आता."

तिने ट्यूब उतरवून घेतली, न्हालेलं लेकरू पुसावं तशी पदराने पुसली. सुधीरची चटई अंथरली आणि तिच्यावर ती निजवली, दक्षिणेला डोकं करून.

"उद्या दर्भ आणजा."

देवाजी पाहत राहिला. डोक्याकडचं टोक काळं होतं, पायाकडचंही काळं होतं. आणि उघड्या दारातून राख येत होती, राख येत होती, त्या लांब, थंड, शुभ्र काचेवर हलके हलके बसत होती.