शेख मुस्लिहच्या बारा पट्ट्या

"आली! आली!" कुणीतरी ओरडलं आणि शंभरेक माना एकदम घाटाकडे वळल्या.

कराकच्या डोंगरावरून उतरणारा रस्ता जिथे मृत समुद्राच्या काठच्या सपाटीला टेकतो, तिथेच शेख मुस्लिहचं अंगण होतं. शुक्रवारची नमाज आटोपली की निम्मं मजरा गाव तिथे लोटायचं. टोमॅटोच्या मळ्यातून तशाच आलेल्या बाया, पोटॅशच्या कारखान्यातले कामगार, काठी टेकत आलेले म्हातारे, सगळे. शेवटच्या वळणावरून एक निळी गाडी खाली आली, तीही आवाज न करता. पिकअपचा खडखडाट ऐकण्यात ज्यांचा जन्म गेला, त्यांना तिचं ते मुकेपणच अर्धा चमत्कार वाटायचं.

गाडीतून नाइफ उतरला. हा शेखचा पुतण्या. परदेशातून आलेल्या जुन्या विजेच्या गाड्या वर कराकात घ्यायचा आणि खाली मजऱ्यात विकायचा. शेजारी साक्षीदार म्हणून त्याने गावचा खाटीक अबू दुआर याला बसवलं होतं.

"सांग, अबू दुआर! वरून निघालो तेव्हा गाडीच्या पडद्यावर काय होतं?"

"सत्तर किलोमीटर जाईल, असं होतं. वल्लाह, या डोळ्यांनी पाहिलं."

"आणि चाललो किती?"

"तीस."

"मग उरायला किती हवेत?"

"चाळीस!" गर्दीने एका सुरात हिशेब केला.

नाइफने दार सताड उघडलं. पडद्यावर एकशे दहाचा आकडा होता. "माशाल्ला!" गर्दीतून उसासा निघाला आणि शेख मुस्लिह खुर्चीतून उठला.

"मी इथून हाक मारली, तिने तिथे ऐकली," तो म्हणाला. आवाज मधाळ, दाढी रंगवलेली. "पेट्रोलची गाडी म्हणजे मढं. तेल पाजाल तेवढं चालेल. ही जिवंत आहे! आणि जिथे जीव, तिथे नजर. समुद्र ओलांडून येताना खाऱ्या वाऱ्यातले जिन हिच्या बॅटरीत शिरतात. शिकलेले लोक म्हणतात, बॅटरी म्हातारी झाली. अरे, म्हातारी कसली? झपाटलीय ती!"

जिनांना बसायला जगात दुसरी जागा उरली नव्हती की काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मशिदीतला इमाम एकदा चिडून म्हणाला होता की हा धर्म नव्हे, धंदा आहे. पण इमामाकडे विकायला गाडी नव्हती, त्यामुळे त्याचं बोलणं मागे पडलं.

शेखने पडद्याच्या कडेच्या पट्ट्यांकडे बोट केलं. नवी बॅटरी असली की बारा पट्ट्या दिसतात, जुनी होईल तशा एकेक विझत जातात. या गाडीत पाच उरल्या होत्या. शेख आत बसला, स्टिअरिंगवर आणि गुडघ्यांवर हिरवं कापड पांघरलं, डोळे मिटून पुटपुटला. घटकाभराने कापड काढलं तेव्हा पट्ट्या बारा होत्या.

गर्दीत उभ्या असलेल्या नौफाच्या अंगावर काटा आला. तिचा नवरा हमदान तर रडायलाच लागला.

त्याला कारण होतं. हमदानच्या आईची, हज्जा तरफाची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी तिला वर कराकच्या सरकारी दवाखान्यात न्यावं लागे. बस कधी यायची, कधी यायची नाही. मागच्या महिन्यात एक खेप चुकली, तर म्हातारीच्या छातीत पाणी भरलं आणि ती दोन दिवस बसूनच झोपली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा चुकवू नका. म्हणून त्या शुक्रवारी दुपारीच हमदानने घरात साठवलेलं होतं नव्हतं ते नाइफच्या हातावर ठेवलं आणि निळी गाडी घेतली.

"दोन पथ्यं," शेख म्हणाला. "हिला तपासायचं यंत्र लावायचं नाही, बरकत उडून जाते. आणि शंका घ्यायची नाही. बायकांनी तर मुळीच नाही. ज्या घरात बाईच्या मनात शंका येते, त्या घरातलं दुखणाईत माणूस आधी जातं."

हे बोलताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. पण नौफाला वाटलं, आपल्याकडेच पाहिलं. कारण शंका तिला तेव्हाच आली होती. चांगली गाडी विकणाऱ्याला तपासणीची एवढी भीती कशाला?

संध्याकाळी शेजारची रुदैना आली. ती मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि चार वर्षं स्वतःची विजेची गाडी चालवत होती. तिच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र होतं.

"अबू औदा," ती हमदानला म्हणाली, "दोन मिनिटं लावू दे. बॅटरीत खरा जीव किती उरलाय ते फोनवर दिसतं. हे घेण्याआधीच करायला हवं होतं."

"उस्ताजा, शिक्षिका म्हणून तुझा मान आहे," हमदान म्हणाला, "पण माझ्या आईच्या जिवाशी खेळू नकोस."

"खेळ दुसऱ्यानेच केलाय, अशी मला भीती वाटते."

"बास!" हमदान ओरडला. नौफा मान खाली घालून चहा ओतत राहिली. उद्या सासूला काही झालं, तर सगळं गाव विचारेल की त्या घरात शंका घेतली कुणी.

शनिवारी गाडी गावात फिरवली, सपाट रस्त्यावर लोण्यासारखी चालली. रात्रभर घरच्या विजेवर भरली. रविवार म्हणजे तिथला आठवड्याचा कामाचा पहिला दिवस. सकाळी पडद्यावर एकशे साठ किलोमीटर! जायचे तीस, यायचे तीस. हमदान हसत हसत कामावर गेला. नौफा टोमॅटोची पिकअप चालवायची, हात तयार होता. तिने हज्जा तरफाला मागच्या सीटवर उशी देऊन बसवलं आणि घाट धरला.

पहिल्या आठ किलोमीटरांत आकडा एकशे साठचा एकशे पाच झाला.

तिने एकदा पाहिलं, मग पाहायचं नाही असं ठरवलं, आणि लगेच पुन्हा पाहिलं. ब्याण्णव. खाली मजऱ्यात जानेवारीतही माणूस सदऱ्यावर हिंडतो. वर धुकं होतं आणि वारा हाडात शिरत होता. काचेवर वाफ धरली. मागे म्हातारीचे दात वाजायला लागले.

"नौफा, थंडी गं."

"लावते हं, यम्मा." तिने हीटर लावला. आकडा डोळ्यांदेखत चौदाने उतरला.

तिने हीटर बंद केला. स्वतःचा कोट काढून मागे दिला. सत्तावन्न. मागून पोटॅशचा रिकामा ट्रक भोंगा वाजवत आला आणि इतक्या जवळून गेला की गाडी हलली. एकतीस. पिवळा दिवा लागला. नौफा मनातल्या मनात म्हणत राहिली. या अल्ला, मी शंका घेतली, ती माझी मला भोवू दे, तिला नको.

मग आकडाच गेला. त्याच्या जागी तीन रेघा आल्या. गाडी माणसाच्या चालीने सरपटायला लागली. नौफाने ती कशीबशी एका वळणाच्या कडेला, मोकळ्या जागेत घेतली. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधे धुकं. दवाखाना अजून आठ किलोमीटर वर होता. हमदानचा फोन कारखान्याच्या फाटकावर जमा होता. रुदैना वर्गात असणार, तिचाही लागेना.

"थांबलीस का गं?" म्हातारीने विचारलं. तिचा श्वास घरघरत होता.

नौफाला रडू फुटलं. "यम्मा, माझं चुकलं. शेखने सांगितलं होतं. माझ्या मनात शंका आली होती. माझ्यामुळे झालं हे."

हज्जा तरफाने कोट अंगाभोवती ओढून घेतला. "कधी आली?"

"यंत्र लावू नका म्हणाला ना, तेव्हा."

"मला तर त्याची दाढी बघूनच आली होती," म्हातारी म्हणाली. "मरायचं मलाच आहे ना? मग मी घेतलेली शंका चालते. रडू नको, गाडी वळव. वर जात नाही तर खाली तरी जाऊ."

नौफाने डोळे पुसले. भोंगा दाबून धरून, धुक्यात कान देऊन, तिने गाडी वळवली. उतार लागला तशी ती आपसूक गडगडत निघाली. नौफाचं सगळं लक्ष ब्रेकवर होतं. चौथ्या वळणानंतर तिची नजर पडद्यावर गेली. तीन रेघा नव्हत्या. तिथे नऊ लिहिलं होतं.

पुढच्या वळणाला सोळा. मग सव्वीस.

"यम्मा," ती हळूच म्हणाली, "आकडा वाढतोय."

"शेखने हाक मारली असेल," म्हातारी फिसकन हसली आणि खोकली.

आज रविवार होता. खाली अंगण ओस पडलं होतं. कुणी हाक मारली नव्हती, कुणी कापड पांघरलं नव्हतं, आणि गाडीत दोन दोन बायका पोटभर शंका घेऊन बसल्या होत्या. तरी आकडा वाढतच होता. नौफाच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण या वेळी शेखमुळे नव्हे. हमदानसारख्या किती जणांनी या गाड्या घेतल्या आहेत, ते तिला आठवलं होतं.

शाळेच्या दारात पोचेपर्यंत आकडा पंचेचाळीस झाला होता. रुदैनाने खडू तसाच टाकला आणि म्हातारीला स्वतःच्या गाडीत घातलं. दवाखान्यात पोचायला तीन तास उशीर झाला. नर्स संतापली, म्हातारीचे ओठ निळसर पडले होते. डायलिसिसच्या यंत्राची चाकं फिरू लागली तेव्हा कुठे नौफा जमिनीवर मटकन बसली.

"उतारावर गाडीचं चाक मोटार फिरवतं आणि वीज उलटी बॅटरीत जाते," रुदैना शेजारी बसून सांगू लागली. "सगळ्याच विजेच्या गाड्यांत. थोडीच जाते. पण तो आकडा म्हणजे गाडीचा अंदाज गं. मागचे काही किलोमीटर कशी चाललीस, त्यावरून पुढचं सांगते. उतरून आलीस, तर तिला वाटतं सगळं जग उताराचंच. नाइफ नेहमी वरून खालीच येतो, कधी खालून वर जाताना दिसलाय?"

"आणि पट्ट्या?"

"त्यांचं गुपित त्या हिरव्या कापडाखाली आहे. शुक्रवारी बघू."

शुक्रवारी अंगणात पांढरी गाडी आली होती. गिऱ्हाईक होता तरुण मिस्बाह. त्याची बायको खौला दिवस भरत आलेली, पोटावर हात ठेवून उभी. प्रसूतीला घाट चढायचा म्हणून गाडी हवी होती. शेखने कापड पांघरलं.

बोलले आणि खरंच काही झालं तर, हा किडा नौफाच्या मेंदूतून अजून गेला नव्हता. तिने खौलाच्या पोटाकडे पाहिलं आणि गर्दीतून पुढे झाली. हमदानने तिला अडवलं नाही. उलट तोही मागोमाग आला.

"शेख, ही गाडी आत्ता वर ने," ती म्हणाली. आवाज चिरकला. "खौलाला बसव, हीटर लाव आणि कराकला जाऊन दाखव. रविवारी माझी सासू मरता मरता वाचली."

"शंका घेतलीस, म्हणून..."

"हो, घेतली! आणि शंका घेऊन उतरले तरी आकडा वाढला. अबू दुआर साक्षीला माझ्याबरोबर येईल, हवं तर आत्ता दाखवते."

शेखने हात उचलून शाप द्यायला तोंड उघडलं आणि नौफाने कापड ओढलं. स्टिअरिंगखालच्या खोबणीत एक काळं यंत्र खोचलेलं होतं, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. रुदैनाने ते उपसून वर धरलं.

"हा बघा तुमचा जिन! गाडीच्या संगणकाला बॅटरीचं वय पाठ असतं. हा ते पुसून टाकतो. गाडीला वाटतं, बॅटरी आज बसवली, आणि ती बारा पट्ट्या दाखवते. काही आठवडे वापरलीत की खरं काय ते तिला कळतं आणि पट्ट्या पुन्हा विझतात. तेव्हा नाइफ तुम्हाला ओळखही दाखवत नाही." तिने स्वतःचं यंत्र लावून फोन सगळ्यांपुढे धरला. "शंभरातले चव्वेचाळीस. नौफाच्या गाडीचे एक्केचाळीस. या बॅटऱ्या गावात फिरायला ठीक आहेत. थंडीत, माणसं घेऊन, हा घाट चढायला नाहीत."

"शेखसाहेब, जरा हिला हाक मारा ना आता!" मागून कुणीतरी ओरडलं. शेखला हाक मारायला सवड नव्हती. तो आणि नाइफ अंगणामागच्या पिकअपमध्ये चढले आणि घाटाने वर पळाले. पिकअप डिझेलची होती.

लोक हसले. मग हसू हळूहळू थांबलं. कारण खौलाने अबू दुआरला विचारलं, "अम्मो, तुम्हीही घेतलीत ना यांच्याकडून? वर नेली होती?"

"नाही, बेटी."

तिने दुसऱ्याला विचारलं. त्यानेही नेली नव्हती. गावात विकल्या गेलेल्या अकरा गाड्यांपैकी एकही अजून पूर्ण घाट चढलेली नव्हती, आणि प्रत्येक घरात म्हातारं, लेकुरवाळं, दुखणाईत कुणीतरी होतंच. शापाला ते रोजच घाबरत होते. आज पहिल्यांदा जिला घाबरायला हवं त्या दारातल्या गाडीला घाबरले.

वाचकहो, गाडी घ्या, जरूर घ्या. पण आधी बॅटरी मोजून घ्या, थंडीत चालवून घ्या आणि चढावर नेऊन पाहा. कुठला बाबा भेटला तर त्यालाही तसंच तपासा. आणि जो म्हणेल मोजू नका, त्याला काय लपवायचंय, एवढं तरी विचारा.

खौला रुदैनाच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र खणखणीत होता.

"उस्ताजा, मला ते यंत्र कसं लावायचं शिकवा. माझ्या बाळाला घेऊन वर जाणारी गाडी मी स्वतः मोजणार आहे."